ऑगस्टात उघडीप, सप्टेंबरात पाणी

प्रश्न : ऑगस्टात सोयाबीन वाळतं, सप्टेंबरात पाण्यात जातं. पेरणी सोडावी का? – एक शेतकरी, अहमदपूर

उत्तर : सोडू नका, पद्धत बदला. 2023 चा कोरडा ऑगस्ट आणि 2025 चा पूर, दोन्ही लातूर-नांदेडने सोसले. फुलोरा ते शेंगा भरण्याच्या काळात ताण पडला की फुलं गळतात, दाणा बारीक राहतो. नंतरचा पाऊस ते भरून काढत नाही. उलट काळ्या रानात पाणी साचलं, की मुळांवरच्या गाठींना हवा मिळत नाही, नत्र थांबतं, पीक पिवळं पडतं. पक्व शेंगा भिजत राहिल्या तर दाण्याला झाडावरच कोंब फुटतात.

माझा आग्रह रुंद वरंबा सरीचा, म्हणजे बीबीएफ पेरणीचा. सरीत ओल मुरते आणि जादा पाणी निघूनही जातं. मात्र सरीचं तोंड उताराला मोकळं हवं. सोबत तूर घ्या, चार ओळींना दोन. तिची मुळं खोल जातात आणि ती उशिरा येते, त्यामुळे सगळं एकाच पावसावर टांगलेलं राहत नाही. उघडीप लांबली तर कोळपणी करा, 13:00:45 हे विद्राव्य खत लिटरला दहा ग्रॅम घेऊन फवारा. भिजलेलं सोयाबीन बियाण्याला ठेवूच नका.