नजराण्याची मोहर आणि संग्राहकाची पारख



सोन्याचे जे नाणे बाजारातील देवघेवीसाठी न पाडता भेट म्हणून किंवा मानाची खूण म्हणून मुद्दाम पाडले जाते, त्याला नाणकशास्त्रात, म्हणजे नाण्यांच्या अभ्यासाच्या शास्त्रात, सैलपणे नजराण्याचे नाणे म्हटले जाते. परंतु या एका नावाखाली मोगल दरबारातील निरनिराळे व्यवहार एकत्र आलेले असल्यामुळे ते आधी वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. नजर किंवा नजराणा खालून वर जातो: मनसबदार, मांडलिक किंवा वकील, म्हणजे परराज्याचा दूत, दरबारात उभा राहिला की आपल्या दर्जाप्रमाणे मोहरा पुढे धरी, आणि बादशहा त्या स्वीकारी किंवा केवळ हात लावून परत करी. याउलट बादशहाने खिलतीबरोबर, म्हणजे मानाच्या वस्त्रांबरोबर, दिलेली मोठ्या वजनाची मोहर वरून खाली येते. आणि निसार नावाची हलकी नाणी तर मिरवणुकीत किंवा उत्सवात लोकांवर उधळण्यासाठीच पाडली जात व 'निसार' हा शब्दही त्यांच्यावर कोरलेला असे. चिरंजीवाने पाठवलेल्या मोहरांच्या यादीत या सर्व प्रकारांची सरमिसळ झाली आहे, प्रत्येक मोहरेपुढे वजन आणि लिलावातील किंमत आहे, पण कोणत्याही मोहरेवर काय कोरले आहे याची एक ओळही नाही. ही उणीव लहान नाही, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे.

जुन्या टांकसाळीत नाणे कसे पडत असे हे समजले की नजराण्याच्या मोहरेचे आकर्षण कशात आहे ते आपोआप उलगडते. ठरलेल्या वजनाची सोन्याची चकती खालच्या ठशावर ठेवून, वर दुसरा ठसा धरून, हातोड्याचा घाव घातला जाई. आणि ठसा बहुधा चकतीपेक्षा रुंद असल्यामुळे कोरलेल्या मजकुराचा जेवढा भाग चकतीवर येईल तेवढाच उमटे, बाकीचा कडेबाहेर राही. म्हणूनच नेहमीच्या चलनातील, विशेषतः अठराव्या शतकातील, अनेक मोहरांवर टांकसाळीचे नाव अर्धे असते किंवा वर्षाचा एखादा आकडा नाहीसा झालेला असतो. नजराण्यासाठी मात्र चकती मुद्दाम रुंद व पातळ घडवली जाई, जेणेकरून ठशातील शेवटचे अक्षर, भोवतीची टिंबांची वर्तुळाकार नक्षी आणि बाहेरची कोरी कड हे सर्व तिच्यावर यावे. जयपूरसारख्या संस्थानांच्या एकोणिसाव्या शतकातील नजराणा नाण्यांत हा फरक फार स्पष्ट दिसतो. जे इतरत्र तुकड्यातुकड्यांनी जुळवून वाचावे लागते, ते येथे सलग वाचता येते, आणि खोदकाम करणाऱ्याला पूर्ण वर्तुळ कसे दिसायला हवे होते हेही कळते. अशा नाण्यावर अभ्यासू माणसाचा जीव का जडतो, याचे खरे कारण या पूर्णतेत आहे. सोन्याचे वजन त्यानंतर येते.

मोठ्या वजनाच्या मोहरांची परंपरा अकबराच्या काळात नीट लिहून ठेवली गेली. अबुल फजलाच्या 'आईन-ए-अकबरी'त शहंशाह नावाची शंभराहून अधिक तोळ्यांची मोहर, तिच्या निम्म्या किमतीची रहस, चौथाईची आत्मा आणि पंचमांशाची बिनसत अशी उतरती मालिका दिली आहे. शहंशाहवर अबुल फजलाचा भाऊ, कवी फैजी, याच्या रुबाया, म्हणजे चार ओळींच्या कविता, कोरलेल्या होत्या, आणि ठसे खोदणाऱ्या मौलाना अली अहमद या दिल्लीच्या कारागिराचे नाव ग्रंथात आदराने घेतलेले आहे. सम्राटाच्या वैभवाचे वर्णन करताना ठसे खोदणाऱ्याची आठवण ठेवली जावी, ही गोष्ट फार मोलाची आहे आणि संग्राहकाने ती कधीही विसरू नये. जहांगीरानेही राज्यारोहणानंतर वेगवेगळ्या वजनांना नावे दिल्याचे त्याच्या आत्मवृत्तात येते: १०० तोळ्यांची नूरशाही, ५० ची नूरसुलतानी, २० ची नूरदौलत आणि याप्रमाणे खाली. इराणच्या शाह अब्बासाचा वकील यादगार अली याला त्याने प्रचंड वजनाची मोहर दिल्याचाही उल्लेख आढळतो. अशा नाण्यांना कौकब-ए-ताले, म्हणजे भाग्याचा तारा, असे नाव होते. या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध नाणे हिजरी १०२२ चे, म्हणजे इ. स. १६१३ चे, आग्रा टांकसाळीत पाडलेले असून त्याचे वजन १,००० तोळे, म्हणजे सुमारे ११.९ किलो, आणि व्यास सुमारे २० सेंटीमीटर आहे. नेहमीची मोहर सुमारे ११ ग्रॅमची असे हे लक्षात घेतले म्हणजे हे नाणे मोजणीसाठी किंवा खर्चासाठी कधीच नव्हते हे उघड होते. हैदराबादच्या निजाम घराण्याशी त्याचा संबंध सांगितला जातो आणि १९८७ साली ते जिनिव्हा येथे लिलावास मांडले गेले होते. शाहजहानच्या २०० मोहरांच्या नाण्याचा तर केवळ प्लास्टरचा साचाछाप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाहायला मिळतो. एवढे सोने हरवू शकते आणि प्लास्टर टिकून राहते, याचा विचार प्रत्येक संग्राहकाने सावकाश करावा.

ही नाणी इतकी दुर्मीळ का, याचे कारणही त्यांच्या स्वरूपातच आहे. लहान मोहर घरात, माळेत किंवा जमिनीत पुरलेल्या हंड्यात टिकून राहते, पण शंभर किंवा हजार तोळ्यांचे नाणे हा एका जागी साठवलेला खजिनाच असल्यामुळे, ज्याला ते मिळाले त्याच्या वारसांवर कर्ज, युद्ध किंवा वाटणीचा प्रसंग आला की ते प्रथम आटवले जाई. ज्या वस्तू देण्यासाठी घडवल्या त्या घेणाऱ्याच्या गरजेपुढे टिकल्या नाहीत. म्हणून उरलेल्या प्रत्येक नाण्यामागे कोणीतरी ते न आटवण्याचा निर्णय घेतलेला असतो, बहुधा एकाहून अधिक पिढ्यांत, आणि त्या माणसांची नावे माहीत असणे हा नाण्याच्या मोलाचाच भाग आहे.

जहांगीराच्या राशींच्या मोहरांबाबत विशेष सावधगिरी बाळगावी लागते, कारण त्या सर्वांनाच हव्या असतात. इ. स. १६१८ मध्ये त्याने आज्ञा केली की नाण्यावर महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्यात सूर्य ज्या राशीत असतो तिचे चित्र असावे. त्याप्रमाणे अहमदाबादेत चांदीचे रुपये आणि पुढे आग्र्यात मोहरा पडल्या. मेंढा, वृषभ, सिंह, विंचू यांची ही चित्रे इतकी मोहक आहेत की त्यांच्या नकला पुढे शतकानुशतके होत राहिल्या. येथे वाचन येणाऱ्याचा लाभ होतो. नाण्यावर हिजरी वर्ष आणि जुलूस वर्ष, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष, अशी दोन्ही असतात. हिजरी वर्ष चांद्रमानाचे असल्याने सुमारे ३५४ दिवसांचे असते, तर जुलूस वर्ष नवरोजपासून, म्हणजे वसंतसंपातापासून, सौरमानाने चालते. त्यामुळे राशीचे चित्र, हिजरी आकडा आणि जुलूस आकडा या तिघांचा मेळ बसलाच पाहिजे. नक्कल करणारा चित्र सुरेख उतरवतो, पण पंचांग त्याला साधत नाही, आणि तिन्ही खुणा एकमेकींशी भांडू लागतात. फारसी अंक आणि पन्नासएक नेहमीचे शब्द शिकायला थोडे महिने पुरतात. चिरंजीवाने पहिली मोहर विकत घेण्यापूर्वी ते शिकावे, अशी आग्रहाची सूचना आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ च्या विल्यम चौथा याच्या दुहेरी मोहरेबद्दल थोडक्यात इतकेच की, मूळ नाण्यांखेरीज सरकारी टांकसाळींनी नंतरच्या काळात संग्राहकांसाठी पुन्हा पाडलेली नाणीही बाजारात असतात. ती खोटी नसतात, पण मूळही नसतात, आणि विक्रेत्याने हा फरक लेखी सांगितलाच पाहिजे.

महाराष्ट्रात या विषयाला एक वेगळीच धार येते, कारण येथे सोन्याचे जुने नाणे म्हटले की प्रथम छत्रपती शिवाजी महाराजांचा होन आठवतो. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाशी जोडला गेलेला हा सुमारे २.८ ग्रॅमचा होन एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी देवनागरी अक्षरे धारण करतो. तो स्वराज्याचे चलन म्हणून पाडला गेला, म्हणून त्याला नजराण्याचे नाणे म्हणणे योग्य होणार नाही, पण सार्वभौमत्वाची घोषणा करणारे नाणे म्हणून त्याचे स्थान कोणत्याही बादशाही मोहरेहून खाली नाही. अस्सल होन अत्यंत थोडे आहेत आणि बनावट असंख्य. मराठी माणसाची भक्ती हेच येथे फसवणाऱ्याचे भांडवल असते, म्हणून कोणी होन दाखवला तर भक्तिभावाने हात जोडावेत आणि व्यवहार मात्र तज्ज्ञाने नाणे तपासल्याशिवाय करू नये. घरोघरीच्या पुतळ्यांच्या माळा आणि मोहरांचे हार यांविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: पुतळी हे मूळचे व्हेनिसचे डुकाट, म्हणजे व्यापाराबरोबर आलेले सोन्याचे नाणे किंवा त्याची देशी नक्कल, आणि ती माळेत ओवण्यासाठी तिला कडी डाकलेली असते. नाण्याच्या कडेवरील हा डाकाचा डाग संग्राहक दोष मानतो, पण त्यासाठी जुनी माळ मोडणे हा त्याहून मोठा दोष आहे. तसेच सोनाराकडून नाण्याला उजळा देऊन घेणे सर्वथा टाळावे. उजळ्याबरोबर अक्षरांच्या कडांची धार आणि कोरीव भागांतील शतकांचा सौम्य रंग ही दोन्ही जातात, आणि ती कोणीही परत आणू शकत नाही.

सोन्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे समान घनफळाच्या पाण्याच्या तुलनेत त्याचे वजन, १९.३ आहे, त्यामुळे हवेत व पाण्यात वजन करून हलका धातू ओळखता येतो. परंतु चांगल्या नकला शुद्ध सोन्याच्याच केलेल्या असतात, म्हणून कस आणि वजन उतरले याचा अर्थ नाणे अस्सल असा होत नाही. ओतीव नाण्याची अक्षरे मऊ व गोलाई आलेली दिसतात, पृष्ठभागावर भिंगाखाली बारीक छिद्रे आढळतात आणि कडेवर कानस फिरवल्याच्या खुणा असतात. घावाने पाडलेल्या नाण्यात धातू ठशाच्या खोबणीत सरकल्याची ताणलेली रेषा दिसते. ही नजर पुस्तकांतून येत नाही. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि रिझर्व्ह बँकेचे नाणेविषयक संग्रहालय येथे अस्सल नाणी पुन्हा पुन्हा पाहावीत, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेत काही दिवस राहून अभ्यास करावा.

कायदाही आधीच समजून घ्यावा. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते, ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. तर १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शेतात सापडलेली मोहर स्वस्तात देऊ करणारा मनुष्य आला तर चिरंजीवाने ती घेऊ नये, कारण तसे करण्याने केवळ कायदा मोडतो असे नाही, तर ती कोणत्या मातीतून, कोणत्या भांड्यातून आणि कोणत्या इतर नाण्यांसोबत निघाली ही माहिती कायमची नष्ट होते.

विकत घेतलेल्या प्रत्येक नाण्यासाठी स्वतंत्र कागद करावा. त्यावर दोन्ही बाजूंचा पूर्ण मजकूर मूळ लिपीत व मराठी अर्थासह, वजन, व्यास, डाकाच्या किंवा दुरुस्तीच्या खुणा, आणि ते कोणाकडून, कोणाच्या संग्रहातून, कोणत्या तारखेस आले याची नोंद असावी. पाठवलेली यादी या पद्धतीने नव्याने लिहून धाडावी, म्हणजे त्यांतील कोणत्या मोहरा पाहण्यास जाणे योग्य आहे हे पुढील पत्रात कळवता येईल.