काटेरी माळ आणि श्रमदानाची तारीख



गेल्या २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपल्यावर आपण सर्वजण कुदळी आणि विळे घेऊन शाळेमागच्या गायरानावर गेलो होतो, हे तुम्हाला आठवत असेलच. तीन तासांत आपण उंटकटारीचे मोठे ढीग रचले, ते ओढत वाटेपर्यंत आणले आणि हातातले काटे काढत आनंदाने घरी गेलो. यंदा श्रावणात माळावर जाऊन पाहतो तर काय, ज्या वाटेने ढीग ओढले, त्याच वाटेवर उंटकटारीची नवी रोपे दाटीने उभी! म्हणजे आपण काटे काढले नव्हते, पेरले होते. चूक तुमची नाही, आम्हा शिक्षकांची. ती कोठे झाली, हे समजून घेण्यासाठी हा पाठ.

ओळख

उंटकटारीला कोणी काटेचेंडू असेही म्हणतात. पाने कातरलेली, कडांना टोकदार काटे, पानाची खालची बाजू कापसासारखी पांढरी. फांदीच्या टोकाला पांढरट-निळसर काटेरी चेंडू येतो. हा चेंडू म्हणजे एक फूल नव्हे. अनेक बारीक फुले एकत्र येऊन तो बनतो आणि प्रत्येक फुलातून एक बी तयार होते. सूर्यफूल आणि करडई ज्या कुळातली, त्याच कुळातली ही वनस्पती. उंट ती आवडीने खातो, म्हणून हे नाव. पण आपल्याकडे गाई-म्हशी आहेत, उंट नाहीत!

माळावर काटेच का वाढतात?

खडकाळ माळावर मातीचा थर पातळ असतो. गवत कसेबसे तग धरते. जनावरे वर्षभर त्याच जागी चरली की ती कोवळे गवत मुळापर्यंत ओरबाडतात आणि काटेरी झाड सोडून देतात. गवत हरते, जमीन उघडी पडते. उघड्या जमिनीवर पडलेल्या काटेरी झाडाच्या बीला ऊन, ओल आणि जागा तिन्ही मिळतात. चार-पाच वर्षे असेच चालले, तर गायरान नावापुरते उरते. ज्यांच्या घरी शेत नाही, पण दोन शेळ्या किंवा एक गाय आहे, त्यांच्यावर चारा विकत घेण्याची पाळी येते. आपल्या वर्गांत अशा घरांतली मुले आहेत, हे विसरू नये.

केव्हा कापावे?

उंटकटारी पसरते ती बियांनी. म्हणून तिचा बंदोबस्त करायचा तो बी धरण्याआधी. फार लवकर वरवर छाटले, तर बुडातून पुन्हा फुटवे येतात. फार उशीर केला, तर प्रत्येक चेंडू बियांनी भरलेला असतो आणि ओढताना त्या सर्वत्र सांडतात. जानेवारीत आपले हेच झाले. योग्य वेळ म्हणजे चेंडू धरले आहेत, पण फुले उमललेली नाहीत, ती. आपल्या भागात ही वेळ साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. पाऊसमानाप्रमाणे ती पुढेमागे होते. म्हणून तारीख कॅलेंडरावर न पाहता झाडावर पाहावी.

कसे काढावे?

दगडांमुळे माळावर नांगर चालत नाही, तेव्हा हातानेच काम करावे लागते. पाऊस होऊन जमीन ओलसर असताना कुदळ किंवा पहार घालून मूळ जमिनीच्या चार बोटे खाली तोडावे. नुसता विळा चालवून भागत नाही. फुले उमलली असतील, तर आधी चेंडू कापून पोत्यात भरावेत, मगच झाड तोडावे. कापलेल्या फुलातही बी पिकू शकते, म्हणून ते माळावर टाकून देऊ नये. पोती एका खड्ड्यात रिकामी करून जाळावीत. माळाला मात्र आग लावू नये. आगीत जमीन पुन्हा उघडी पडते.

तणनाशकाबद्दल पालक विचारतात. टू-फोर-डी हे औषध रुंद पानांची तणे मारते आणि गवत राखते, हे खरे. पण त्याने गवतातल्या शेंगवर्गीय वेलीही मरतात. शिवाय आपल्या माळावरचे पाणी उताराने जनावरांच्या तळ्यातच जाते. म्हणून कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याशिवाय फवारणी करू नये आणि मुलांना त्या कामाला कधीही लावू नये.

दुसरा काटेरी शेजारी

माळाच्या कडेला पिवळा धोत्रा दिसतो. तो धोतऱ्याच्या कुळातला नाही, अफूच्या कुळातला आहे आणि मूळचा मेक्सिकोकडचा. पान मोडले की पिवळा चीक येतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. त्याच्या एकेका बोंडात शेकडो काळ्या बिया असतात आणि त्या मोहरीसारख्या दिसतात. त्यांच्या तेलात विष असते. ते खाण्यात आले, तर पाय सुजतात, धाप लागते आणि हृदयावर परिणाम होतो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या तेलाची भेसळ होऊन ६०हून अधिक माणसे दगावली. पिवळा धोत्रा थंडीत वाढतो. तेव्हा जानेवारीचे श्रमदान त्याच्यासाठी ठीक आहे, मात्र बोंडे पिकलेली नाहीत ना, हे आधी पाहून.

काढल्यानंतर काय?

खरे काम येथून सुरू होते. काटे काढलेली जागा मोकळी राहिली, तर काटेच परत येतात. गायरानाचे भाग पाडून एका भागात पावसाळाभर चराई बंद ठेवावी, म्हणजे गवताला बी धरता येईल. तेथे मारवेल आणि अंजन गवताचे किंवा स्टायलोचे बी टाकावे. जमिनीतले जुने बी एका वर्षात संपत नाही, म्हणून हे काम सलग काही वर्षे करावे लागेल. आणि एक गोष्ट: उंटकटारीच्या फुलांवर मधमाश्या व फुलपाखरे येतात. आयुर्वेदात तिचा उपयोग सांगितला आहे. तिला नामशेष करायचे नाही, आवरायचे आहे.

विश्वस्तांना विनंती

जानेवारीच्या श्रमदानाबरोबर दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आणखी एक श्रमदान ठेवावे, त्याचा दिवस माळाची पाहणी करून ठरवावा आणि गायरानाचा एक भाग पुढच्या पावसाळ्यात राखण्यासाठी संस्थेने ग्रामपंचायतीशी बोलावे, ही नम्र विनंती. जाड हातमोजे आणि पहारी पालकांकडून मिळाल्यास फार मदत होईल.

स्वाध्याय

१. उंटकटारी जानेवारीत कापल्याने काय झाले? कारण लिहा.
२. माळावर एक चौरस मीटर जागा आखा. त्यातली गवताची व काटेरी रोपे वेगवेगळी मोजा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजा.
३. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: त्यांच्या लहानपणी या माळावर कोणकोणती गवते होती? नावे लिहून आणा.