प्रिंटएफ लिहिलं, पुट्स कुठून आलं?

प्रश्न : सी प्रोग्रॅममध्ये मी प्रिंटएफ वापरलं, पण जीसीसीने बनवलेल्या असेंब्लीत पुट्स दिसतं. माझं काही चुकलं का?
– एक विद्यार्थिनी, भाईंदर (पूर्व)

उत्तर : काहीच चुकलेलं नाही. असेंब्ली उघडून पाहिलीत, याचाच मला फार आनंद झाला. प्रमाण लायब्ररीतली नावं सी भाषेत राखीव असतात, त्यामुळे त्या फंक्शनांचं काम कंपायलरला आधीच ठाऊक असतं. तुमच्या मजकुरात टक्क्याची खूण नाही आणि शेवटी नवी ओळ आहे. मग फॉरमॅट तपासणारं प्रिंटएफ हवं कशाला? पुट्स तेच छापतं आणि नवी ओळ स्वतः जोडतं. प्रिंटएफने परत दिलेलं मूल्य वापरून पाहा, हा बदल होणार नाही. तसंच, मजकुराची लांबी बाइटमध्ये मोजणाऱ्या स्ट्रलेनला थेट ‘मीरा’ दिलंत, तर यूटीएफ-8 मध्ये कोडात सरळ 12 हा आकडा येईल. प्रत्येक देवनागरी चिन्हाला 3 बाइट लागतात.

एका ठिकाणी मात्र जपा. पासवर्ड मेमसेटने पुसला आणि ती जागा पुन्हा वाचली नाही, तर ऑप्टिमायझेशनमध्ये ते पुसणंच गाळलं जाऊ शकतं. पासवर्ड मेमरीत तसाच राहतो! म्हणून सी23 मध्ये मेमसेट-एक्सप्लिसिट आलं. जीसीसीच्या अंतरंगाबद्दल पवईच्या आयआयटीतले प्रा. उदय खेडकर यांचं शिकवणीचं साहित्य जरूर वाचा.