बुलेट स्लो धरत नाही? आधी केबल बघा

कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट ३५० स्लो धरेनाशी झाली, की ‘कार्बोरेटरच बदलून टाका’ हा सल्ला लगेच मिळतो. नवा कार्बोरेटर साधारण दीड ते तीन हजारांना पडतो. दोष मात्र पुष्कळदा दीडशे-दोनशे रुपयांच्या एक्सलरेटर केबलमध्ये निघतो. म्हणून तपास स्वस्त वस्तूपासून सुरू करा. (इथले सगळे दर अंदाजे आहेत, शहराप्रमाणे कमीजास्त होतील.)

गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रेस आपोआप वाढली, तर केबल ताणली जाते आहे किंवा चुकीच्या वाटेने नेली आहे. मूठ फिरवताना सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटर ढील हवी. आणि मूठ सोडल्यावर झटकन परत फिरत नसेल, तर गाडी रस्त्यावर काढूच नका. रेस अडकली की जिवावर बेतते.

केबल ठीक असेल तर इग्निशनचे पॉइंट तपासा. फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. पॉइंट जळलेले असताना कार्बोरेटरचे स्क्रू कितीही फिरवले तरी मिसफायर जात नाही.

आता कार्बोरेटर. गाडी कुठे अडखळते, त्यावरून दोष कळतो. स्लोला आणि मूठ उघडताच अडखळली तर पायलट जेट किंवा एअर स्क्रू, मधल्या रेसला नीडल, पूर्ण रेसला मेन जेट. रेस चढून सावकाश उतरत असेल, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडातून हवा शिरते आहे का ते बघा. तिथलं पॅकिंग फार तर पन्नास रुपयांचं.

कार्बोरेटरच्या सफाईची मजुरी तीनशे ते पाचशे, सफाईचा स्प्रे वेगळा. काम समोर उभं राहून करून घ्या. जेटमध्ये तार घालू देऊ नका, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायम जास्त पेट्रोल पिते. स्प्रे आणि हवेचा दाब पुरतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात जुने रबरी ओ-रिंग फुगतात, तेव्हा दोन-तीनशेचं किट त्याच वेळी बदललेलं बरं.

ट्यूनिंग इंजिन गरम झाल्यावरच करायचं. एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन, न आवळता, दीड फेरा बाहेर काढा. मग थोडा थोडा फिरवत रेस सर्वांत जास्त चढते ती जागा पकडा आणि स्लो स्क्रूने रेस खाली आणा. एवढ्यासाठी मेकॅनिकची गरज नाही, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि धीर पुरे.

हे सगळं करूनही स्लो टिकत नसेल आणि आतली स्लाईड बोटाने हलवल्यावर खुळखुळत असेल, तर मात्र नवा कार्बोरेटर घेणंच योग्य. पुण्यात नाना पेठेत मिळेल. जुना सोबत न्या, जेटवरचे आकडे जुळवून बघा आणि जुना तिथे सोडून येऊ नका.