वाऱ्यावर स्वार, पण नेम पक्का

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लेकाकडे असताना अल्बुकर्कीचा बलून महोत्सव बघायचा बेत आहे. बलूनला सुकाणूच नसतं, मग स्पर्धा कसली?

उत्तर : नेमाची. बर्नर पेटवला की बलून चढतो, माथ्याची झडप उघडून गरम हवा सोडली की उतरतो; वैमानिकाच्या हातात एवढंच. मात्र वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशांना वाहतो आणि कसलेला वैमानिक सोयीचा थर हुडकतो. न्यू मेक्सिकोतल्या या शहरात थंड सकाळी अनेकदा जमिनीलगतचा वारा दक्षिणेकडे, तर वरचा उत्तरेकडे जातो. या जोडवाऱ्यांना तिथे ‘बॉक्स’ म्हणतात. तो जुळला की बलून निघाला तिथेच जवळपास परतू शकतो.

स्पर्धक दूरवरून उड्डाण करून मैदानाकडे येतात. जमिनीवरच्या लक्ष्यावर लांब फीत बांधलेली छोटी वजनदार पुरचुंडी टाकायची. मध्याच्या सर्वांत जवळ पडेल तो पुढे. आणखी मजेचा खेळ उंच खांबांचा : टोकावरचं बक्षीस उडत्या टोपलीतून हाताने खेचायचं. वीतभर अंतराने हुकलेला बलून पुन्हा मागे वळवता येत नाही, खरी गंमत इथेच आहे!

1972 साली 13 बलूनांनिशी सुरू झालेल्या या महोत्सवात आता पाचशेच्या आसपास बलून येतात. उजाडायच्या आधीच मैदान गाठावं. ऊन तापलं की हवा खवळते आणि उड्डाणं आटोपतात. गरम कपडे हवेतच. हिरवा झेंडा म्हणजे उड्डाण, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे रद्द. म्हणून हाताशी दोन सकाळी ठेवाव्यात.