कर्करोगाची औषधे आणि बधिर होणारी पावले

सिंधुदुर्गनगरी व परिसरातील अनेक कर्करुग्ण केमोथेरपीसाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अथवा बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात. औषधाची एक मात्रा घेऊन ते गावी परततात आणि पुढील मात्रेपर्यंतचे दोन-तीन आठवडे घरीच काढतात. केस गळणे, उलट्या होणे हे त्रास सर्वांना ठाऊक असतात. परंतु याच काळात बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, तर रुग्ण त्याचे खापर अशक्तपणावर, वातावर किंवा वयावर फोडतो. पुष्कळदा मनात एक भीतीही असते, की हे सांगितले तर डॉक्टर औषध बंद करतील. ही गोष्ट न सांगितल्याने कोणती हानी होते, हे स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेख आम्ही अहवालात देत आहोत.

हे का घडते?

आपल्या अंगणात बारमाही फुलणारी सदाफुली ही मूळची मादागास्करची. तिच्यापासून मिळवलेल्या व्हिन्क्रिस्टिन या औषधास अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही मोलाचे आहे. पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीत सापडलेले पॅक्लिटॅक्सेल हे स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगात वापरले जाते. पेशींचे विभाजन होण्यासाठी पेशीतील अतिसूक्ष्म नलिकांची आवश्यकता असते. ही दोन्ही औषधे या नलिकांचे कार्य बिघडवून कर्कपेशींची वाढ रोखतात.

अडचण अशी, की मज्जातंतूंचा निर्वाहही याच नलिकांवर चालतो. पावलाच्या बोटापर्यंत पोहोचणाऱ्या तंतूची मूळ पेशी कंबरेत, पाठीच्या कण्यालगत असते. तेथे तयार झालेली पोषकद्रव्ये नलिकांच्या वाटेने सुमारे एक मीटर अंतर जातात. ही वाट बिघडली की सर्वांत दूरचे टोक प्रथम उपाशी राहते. त्यामुळे बधिरता आधी पायाच्या बोटांत, मग हाताच्या बोटांत येते व मोजे-हातमोजे घातल्याप्रमाणे वर सरकते.

सिस्प्लॅटिन व ऑक्झॅलिप्लॅटिन ही प्लॅटिनमयुक्त औषधे थेट कण्यालगतच्या संवेदनापेशींना इजा करतात. म्हणूनच ती थांबवल्यानंतरही दोन-तीन महिने त्रास वाढत राहू शकतो. ऑक्झॅलिप्लॅटिनचा आणखी एक विशेष म्हणजे मात्रा घेतल्यावर काही तासांतच थंड पदार्थाच्या स्पर्शाने हात झिणझिणतात, घसा आवळल्यासारखा वाटतो. मासळी बर्फात ठेवून विकणाऱ्या भगिनींनी या दिवसांत बर्फाला हात लावू नये.

हा त्रास विरळा नाही. ४,१७९ रुग्णांवरील ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार केमोथेरपी संपल्यावर पहिल्या महिन्यात सुमारे ६८ टक्के, तीन महिन्यांनी ६० टक्के आणि सहा महिन्यांनंतर ३० टक्के रुग्णांत मज्जातंतूंची इजा आढळली. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना धोका अधिक असतो.

वेळीच का सांगावे?

ही इजा निश्चितपणे टाळणारे औषध आजमितीस उपलब्ध नाही. वेदना असल्यास ड्युलॉक्सेटिन या गोळीचा माफक उपयोग होतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. मात्र गेलेली संवेदना ती परत आणत नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, कारण अतिप्रमाणात घेतलेले बी-६ जीवनसत्त्व स्वतःच मज्जातंतूंना इजा करते. सदाफुलीची पाने चावून खाणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. वनस्पतीतील विषारी द्रव्य आणि मोजूनमापून दिलेले औषध यांत फार मोठे अंतर आहे.

मग हाती उरतो तो एकच प्रभावी उपाय, आणि तो म्हणजे इजा वाढण्यापूर्वी मात्रा कमी करणे, दोन मात्रांमधील अंतर वाढवणे किंवा औषध बदलणे. हा निर्णय सोपा नसतो. रोग बरा होण्याची शक्यता एका पारड्यात आणि उरलेल्या आयुष्यातील हातापायांची शक्ती दुसऱ्या पारड्यात, असा तो तोल आहे. तो कर्करोगतज्ज्ञांनी रुग्णाशी बोलून साधावयाचा असतो. रुग्णाने लक्षण लपवले तर एक पारडे रिकामेच राहते. त्याचप्रमाणे घाबरून स्वतःच उपचार सोडणे हेही तितकेच घातक आहे.

यासाठी घरी एक वही ठेवावी व आठवड्यातून एकदा तारीख घालून पुढील गोष्टी नोंदवाव्यात:

१. सदऱ्याची बटणे लावता येतात का?
२. ताटातील तांदळाचा एकेक दाणा चिमटीत उचलता येतो का?
३. चालताना चप्पल पायातून निसटल्याचे कळते का?
४. अंधारात चालताना तोल जातो का?
५. व्हिन्क्रिस्टिन सुरू असल्यास बद्धकोष्ठता किंवा जबडादुखी आहे का?

ही वही पुढील भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावी. उत्तरांत झपाट्याने फरक पडला तर भेटीची वाट न पाहता कळवावे.

बधिर पावलांची काळजी

बधिर पावलाला दुखत नाही, हाच मोठा धोका आहे. वैशाखात तापलेला कातळ, काटा किंवा शिंपलीची धार यांची जाणीव होत नाही. घरातही मागे पट्टा असलेली पादत्राणे वापरावीत व रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत; स्वतःस वाकता येत नसेल तर घरच्यांनी पाहावेत. न्हाणीघरातील पाणी दुसऱ्याने तपासून द्यावे. चुलीवरील भांडे जाड कापडाने उतरवावे आणि विळीवर बसण्याचे काम काही दिवस दुसऱ्याकडे सोपवावे. केमोथेरपी सुरू असताना लावणीच्या चिखलात उतरू नये. आपल्या जिल्ह्यास लेप्टोस्पायरोसिस परिचित आहे. नकळत झालेली जखम त्यास वाट देते आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या शरीरास कोणताही जंतुसंसर्ग भारी पडतो.

बहुतेकांचा त्रास उपचारानंतर काही महिन्यांत हळूहळू उतरतो, काहींचा थोडाफार कायम राहतो. यांतील कोणत्या गटात आपण जाणार, हे सर्वस्वी आपल्या हाती नाही. बोटांना पहिली मुंगी आली त्या दिवसाची नोंद करून ती सांगणे, एवढे मात्र निश्चित आपल्या हाती आहे. रुग्णांच्या नातेवाइकांनी व गावातील आशा कार्यकर्त्यांनी ही विचारपूस आपणहून करावी, अशी आमची नम्र विनंती आहे.