डोळे थकले की चाळिशी लागली?

दिवसभर रानात राबायचे आणि रात्री जेवणखाण उरकले की पुस्तक उघडायचे. बिलोलीकडच्या खेड्यांत नव्याने वाचायला शिकलेल्या पुष्कळ जणांची हीच रीत. चार ओळी होतात न होतात तोच अक्षरे नाचू लागतात. डोळ्यांत पाणी येते. कपाळ ठणकते. मग मंडळी पुस्तक मिटतात आणि म्हणतात, "आता या वयात काय डोक्यात शिरतंय!"

थांबा. दोष डोक्याचा आहे की डोळ्यांचा, ते आधी पाहू या.

थकलेला डोळा ओळखायला सोपा. तो चुरचुरतो, जड होतो, वाळूचा कण गेल्यासारखा खुपतो. वाचताना ओळ सुटते, किंवा वाचलेलीच ओळ पुन्हा वाचली जाते. असे का होते? वाचताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो. पापणी मिटली म्हणजे डोळा ओला होतो. ती मिटलीच नाही तर डोळा कोरडा पडतो. दुसरे असे, की डोळ्यात एक लहानसे भिंग असते. जवळचे पाहताना त्याच्या भोवतीचा स्नायू आवळावा लागतो. तासभर विळा धरला की मूठ अवघडते ना? तसेच हे.

यावर उपाय घरातच आहे. दिवा तोंडासमोर ठेवू नका. समोरचा दिवा डोळ्यांवर येतो, पुस्तकावर पडत नाही. तो डाव्या अंगाला, जरा मागे असावा. म्हणजे लिहिताना हाताची सावलीही अक्षरांवर पडत नाही. डावखुऱ्यांनी दिवा उजवीकडे घ्यावा. पुस्तक दीड-पावणेदोन वीत लांब धरा. एक पान झाले की मान वर करा, दाराबाहेर लांबवर नजर टाका, पापण्या चार-सहा वेळा मिटा. मग वीस आकडे मोजेपर्यंत डोळे मिटून बसा. मोबाइलवर वाचत असाल तर त्यातली अक्षरे मोठी करता येतात. घरातल्या पोरांना विचारा, ती चटकन करून देतील. आणि खरे सांगायचे तर, वाचायला दुपारच्या विसाव्याची वेळ रात्रीपेक्षा बरी. कडुलिंबाच्या सावलीत मिळतो तसा उजेड कुठल्या दिव्याने मिळायचा नाही.

एवढे करूनही अक्षर पुसटच दिसते का? मग पुस्तक हातभर लांब धरून पाहा. लांब धरल्यावर अक्षर साफ दिसले, तर समजा की चाळिशी लागली.

आपल्या भाषेने या गोष्टीला नावही कसे नेमके दिले आहे! वयाची चाळिशी आणि डोळ्यावरची चाळिशी, शब्द एकच. चाळीसच्या आसपास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते. जवळचे पाहायला ते पूर्वीसारखे फुगत नाही. लांबच्या शेतातला आपला बैल ओळखू येतो, पण सुईच्या नेढ्यात दोरा जात नाही. हा रोग नव्हे. केस पांढरे होतात तसाच हा वयाचा धर्म आहे. तो कुणालाच चुकत नाही.

वर्गात अशा एक काकू असतातच. 'भात' लिहिलेले असले की त्या 'मात' वाचतात, 'घर' असले की 'धर'. शिकवणारी बाई म्हणते, "काकू, काल तर हे अक्षर बरोबर सांगितलंत!" त्यावर काकू म्हणतात, "बाई, मला ती गाठच दिसंना, तर सांगू काय?" घरी ज्वारी निवडताना खडा राहतो म्हणून त्या बोलणी खातात, ते वेगळेच. अशा काकूंना पुन्हा बाराखडी घोकायला लावून काय होणार? त्यांना जवळचा चष्मा पाहिजे.

चष्मा लावला की नंबर वाढतो, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. नंबर वयाने वाढतो, चष्मा लावा की न लावा. उलट चष्म्याने काम सुधारते. आसामात चहाच्या मळ्यांतल्या चाळिशीपुढच्या मजुरांची एक पाहणी 2018 साली प्रसिद्ध झाली. काहींना जवळचा चष्मा लगेच दिला, काहींना नंतर दिला. आधी चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी दुसऱ्यांपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त वाढली. पाने खुडायला चष्मा कामी येतो, तर अक्षरे वाचायला येणार नाही?

शेजाऱ्याचा किंवा आजोबांचा जुना चष्मा मात्र लावू नका. बाजारातला तयार चष्मा वाईटच असतो असे नाही, पण दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तरच तो चालतो. आधी डोळे तपासून घ्यावेत. जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा, तपासणी कुठे आणि कोणत्या वारी होते. अंधत्व टाळण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सरकारने 1976 पासून चालवला आहे. त्यातून वयस्क गरजूंना जवळचा चष्मा फुकट देण्याचीही सोय आहे. विचारायला लाजू नका.

काही खुणा मात्र थकव्याच्या नव्हेत. एकाएकी दिसेनासे झाले, डोळा लाल होऊन खूप दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर दिवस न घालवता नांदेडचे शासकीय रुग्णालय गाठा. फवारणीचे औषध डोळ्यात उडाले तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, मग निघा. साखरेचा आजार असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळे दाखवावेतच. मोतीबिंदू असेल तर चष्म्याने भागत नाही, शस्त्रक्रिया लागते. तिला भिऊ नये. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातले डॉ. तात्याराव लहाने यांनी एकट्याने अशा लाखावर शस्त्रक्रिया केल्या आहेत. डोळ्यात मध, कांद्याचा रस किंवा दुसऱ्याचे उरलेले औषध घालणे मात्र आजच सोडा.

आता हे करून पाहा. उजेडात बसा. डावा डोळा तळव्याने हलकेच झाका, दाबू नका. खालची ओळ वाचा.

घर, धर, भर, मर, घन, धन, भात, मात.

आता उजवा डोळा झाकून तीच ओळ वाचा. एका डोळ्याने गाठ दिसते आणि दुसऱ्याने दिसत नाही असे झाले, तर कोणत्या डोळ्याने दिसली नाही ते वहीत लिहून ठेवा आणि तपासणीला जाताना वही सोबत न्या.